सदफचा व्हिडिओ

सलमा कसबा बावड्यात ब्लाउज शिवते. नवरा लालासाब साखर कारखान्याला ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर असतो. त्यांची एकुलती एक पोर सदफ पाचवीत होती. तोंडानं फटकळ, अंगानं चपळ, संध्याकाळ झाली तरी गल्लीतून हलायची नाही. त्या पोरीच्या अंगावर न पडता न धडपडता निळे डाग उठायला लागले आणि एकदा शाळेत नाकातलं रक्त थांबेना. तपासण्यांत कळलं की तिच्या शरीरात रक्त तयार होणंच बंद पडत चाललंय. पुण्याच्या डॉक्टरांनी बोनमॅरो बदलावा लागेल म्हणून सांगितलं. बापाचा, लालासाबचा बोनमॅरो चालण्यासारखा होता, पण खर्च ऐकून तो दवाखान्याच्या पायरीवरच बसला.

शेजारच्या क्रांतीचं ब्युटी पार्लर आहे. तिच्या मेकअपच्या रील बऱ्याच बायका बघतात. सदफचा व्हिडिओ करून लोकांना मदत मागू या, असं तिनंच सुचवलं. सलमाच्या मनाला ते पटेना. पोरीचं तोंड दाखवून पदर पसरायचा? पण खाटेवरून सदफच म्हणाली की मी बोलते. तिनं केस विंचरून घेतले, उशी पाठीशी लावली आणि मोबाइलकडं बघून सरळ बोलायला लागली.

"मी सदफ. माझं रक्त कमी पडायलंय. सुई टोचली तरी मी रडत न्हाय. मला बरं व्हायचंय."

बोलून झाल्यावर ती हसली. क्रांतीनं व्हिडिओ तसाच ठेवला, खाली सलमाचा फोन नंबर टाकला आणि सोडून दिला.

व्हिडिओ तालमीच्या ग्रुपवर गेला, भिशीच्या बायकांत गेला, मशिदीतल्या लोकांत गेला. एका गणेश मंडळानं त्या वर्षीचे साउंडवाले रद्द केले आणि ते पैसे दिले. पुरात दोनदा घर धुऊन निघालेल्या शिरोळच्या माणसांनीही पाठवले. ज्यांची तोंडं कधी बघितली नाहीत अशा लोकांनी सलमाच्या पोरीला पुण्याला पोचवलं.

बोनमॅरो दिला. सुरुवातीला सगळं बरं चाललं होतं. काचेपलीकडून सदफ आईला बोटानं खुणा करायची. मग ताप आला, फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला आणि सदफ गेली. तिला बावड्याला आणून माती दिली.

क्रांतीनं त्याच दिवशी आपल्या पानावरून व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो कुठल्या कुठल्या मोबाइलमध्ये जाऊन बसला होता, तो कोण काढणार? घरात माणसं भेटायला येत होती तेव्हाच फोन वाजला. नागपूरची कुणी बाई होती. म्हणाली, "सदफची आई का? आताच व्हिडिओ बघितला. कशी आहे ती?" मग रोजच तसे फोन यायला लागले. प्रत्येकाला वाटायचं, व्हिडिओ आजचाच आहे. प्रत्येकाला सलमानं नव्यानं सांगायचं की पोर नाही राहिली. काही जण हळहळायचे, काही जण गप्प फोन ठेवून द्यायचे.

पुढं कुणीतरी त्याच व्हिडिओवर लिहिलं की मेलेल्या पोरीच्या नावावर हे लोक अजून पैसे गोळा करतात. कारखान्यावर उसाच्या गाड्यांच्या रांगेत एकानं ते लालासाबला वाचून दाखवलं. तो घरी आला, जेवला नाही. नंबर बंद करून टाकू म्हणाला. सलमा नको म्हणाली. नंबर बंद दिसला तर लोक म्हणतील, लबाड होते, पळाले. पोरगी गेली ती गेली, तिचं बोलणं खोटं ठरू द्यायचं नव्हतं तिला.

ती आपणहून क्रांतीकडं गेली आणि माझा व्हिडिओ कर म्हणाली. पार्लरच्या भिंतीला टेकून बोलली.

"सदफ गेली. तुम्ही दिलेलं तिच्यासाठीच लागलं. उरलं ते तिच्या शेजारच्या खोलीतल्या पोराला दिलं. आता कुणी काय पाठवू नका. तिचा व्हिडिओ आला तर..."

इथं ती अडली. क्रांतीनं मोबाइल खाली घेतला, पण सलमानं हातानंच चालू ठेव म्हणून सांगितलं. "तिचा व्हिडिओ आला तर पुढं धाडू नका," एवढं बोलली आणि उठली. साऱ्या जगाला, माझ्या पोरीला आता बोलू देऊ नका, असं आईनंच सांगायचं होतं.

तो व्हिडिओ फार कुणी बघितला नाही. बावड्यातच फिरला आणि थांबला. सदफचा मात्र फिरतच राहिला.

बकरी ईदच्या आधी शिवणाची घाई होती तेव्हा शाहूवाडीकडच्या एका म्हाताऱ्याचा फोन आला. आकाराम नाव. नातवानं मोबाइलवर दाखवलं म्हणाला. सलमानं हातातलं कापड बाजूला न ठेवताच नेहमीचं सांगितलं. तिला वाटलं, आता हाही ठेवणार.

पण म्हाताऱ्यानं विचारलं, "कशी हुती गं पोरगी?"

इतक्या फोनांत हे कुणी विचारलं नव्हतं. सलमानं मशीन थांबवलं. सदफ भाकरीचा पापुद्राच तेवढा खायची, अभ्यासाला बसवलं की हटकून तहान लागायची, बापाचा ट्रॅक्टर लांबून आवाजावर ओळखायची, हे ती सांगत गेली. म्हातारा मधे मधे "व्हय, व्हय" म्हणत ऐकत होता. फोन ठेवल्यावर ती तिथंच, अर्धवट शिवलेल्या ब्लाउजात तोंड घालून रडली. क्रांतीनं आवाज ऐकला आणि येऊन दारात उभी राहिली, पण आत आली नाही.

अजूनही फोन येतात. सलमा उचलते.