येचून राह्यली

नववीत शाळा सुटली आणि लग्न होऊन मी पिंपळगाव राजाजवळच्या खेड्यातून पुण्यात आले. इथे रविवारी वाचनालयात काही माणसं कविता वाचायला जमत. ते मंडळ एक समीक्षक चालवत. आम्ही त्यांना सर म्हणायचो. तू किती शिकलीस, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. पुस्तकं मात्र घरी न्यायला दिली. इतकं मिळालं म्हणूनच धाकधूक असायची, की आपलं काही चुकलं आणि हे बंद झालं तर?

एका रविवारी सरांनी आमच्या वऱ्हाडातल्याच एका नव्या कवीची कविता घेतली.

अळीनं बोंड पोखरलं
माय येचून राह्यली
ओटी भरली नाही अजून

सर म्हणाले, हा शोक आहे. बीटी बियाणं पेरूनही अळीने पीक नेलं, घरची माणसं गेली, माय तेवढी मागे राहिली. ओटी भरली नाही, कारण ती विधवा आहे. फार हळुवारपणे सांगितलं त्यांनी. एकदोघींनी डोळेही पुसले. मला मात्र माझी माय आठवली. त्या वर्षी आमच्याही बीटीवर गुलाबी अळी पडली होती, आणि ती किडकी बोंडं बाजूला सारत कापूस वेचत होती. चांगली धडधाकट.

"सर, ती मागे नाही राह्यली," मी म्हटलं. "आमच्याकडे 'येचून राह्यली' म्हणजे ती वेचते आहे. आत्ता."

शेजारच्या खुर्चीतले एक गृहस्थ नेहमीसारखं "काऊन बाई?" म्हणून माझ्या वऱ्हाडी 'का'ची नक्कल करत हसले. सर हसले नाहीत. ती ओळ तू वाच, म्हणाले. मी एका दमात वाचली. सर 'येचून'पाशी थांबत होते. कागदावर तिथे स्वल्पविराम नव्हता. शिवाय पुढे 'अजून' होतं. भरायची आशा असेल तरच माणूस अजून म्हणतो ना? आणि ओटी म्हणजे वेचताना कमरेला बांधतात ती फडक्याची झोळी, हेही मी सांगून टाकलं.

सरांनी ती ओळ पुन्हा एका दमात वाचून पाहिली. "'राह्यली' तू म्हणतेस तशीच," ते म्हणाले. "पण ओटी मी सोडत नाही. कवीला दोन्ही ओट्या ठाऊक असणार."

ते मला पटलं. गावी थोरले काका वारल्यावर आमच्या काकूची ओटी कोणी भरली नाही. वेचणीची ओटी मात्र ती स्वतः बांधायची आणि सगळ्यांच्या आधी भरायची. हे मी सरांना सांगितलं. त्यांनी ते समासात लिहून घेतलं, आणि निघताना दर वेळेसारखं एक पुस्तक माझ्या हातात ठेवलं.

बसथांब्यावरून मायला फोन लावला.

"काय करून राह्यली वं माय?"

"येचून राह्यली. अन् तू?"

"वाचून राह्यली," मी म्हटलं.