कानाला लावलेला पेचकस

शेजारची जुनी मोटरसायकल सुरू झाली, की तिच्या धुराच्या वासाने जुनी शेड आठवते आणि माझा उजवा पाय आजही उगीच आखडतो. कॉलेजात आम्ही पोरं शर्यतीची गाडी बनवायचो. जुन्या गाडीला चार सिलिंडरचं इंजिन होतं. ते पेटलं की हिंगण्यातल्या आमच्या कॉलेजच्या शेडचे पत्रे थरथरायचे. आमचे म्हातारे मिस्त्री लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक इंजिनाला टेकवत, मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकत आणि एखादा सिलिंडर नीट पेटत नसला की सांगत, "तीन नंबर मिसिंग करून राहिला गा." शेवटच्या वर्षी आम्ही बॅटरीवरची गाडी केली. पहिल्या चाचणीला मी आत बसलो, बटण दाबलं, आणि काहीच ऐकू आलं नाही. माझी नुसती चुळबुळ चालली होती. मिस्त्रींनी सवयीने मोटरला पेचकस लावला. "बंदच आहे हे," असं स्वतःशीच म्हणत ते पुढचं चाक बघायला वाकले. बसक्या गाडीतून मला ते दिसले नाहीत. बाजूला झाले असतील असं समजून मी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. गाडी उसळली. ते कसेबसे बाजूला कोलमडले, पेचकस चाकाखाली वाकला. "गाडीचा आवाजच नाही आला ना," मी पुटपुटलो. धूळ झटकत ते म्हणाले, "गाडीले आवाज नाही, तुले तं आहे ना?" आता माझी स्वतःची गाडीही बॅटरीवरचीच आहे. रोज सकाळी फाटकाशी काच खाली करून मी "निघालो!" असं ओरडतो. समोर कोणीच नसतं. तरी ओरडल्याशिवाय पाय दाबवत नाही.