आत येऊन बोला

२०१६ साली, एका सोमवारी, डॉक्टरांनी मला सांगितलं की बाबांच्या कॅन्सरवर आता उपचार उरलेला नाही. बाबांना हे कळू द्यायचं नाही, असं काकांनी ठरवलं.

तुम्हीही पाहिलं असेल, पेशंट एकटा खाटेवर आणि घरचे सगळे व्हरांड्यात. बाबा डहाणूच्या सरकारी दवाखान्यात होते, तिथल्या वॉर्डातल्या सिस्टरला याचाच राग. कमरेवर हात ठेवून ती दारात उभी राहायची आणि म्हणायची, "आत येऊन बोला."

ती तलासरीकडच्या डोंगरातली. पेशंटशी वारली बोलायची, बागायतदारांशी गुजराती, डॉक्टरांशी मराठी. कुजबुज मात्र कुठल्याच भाषेत चालू द्यायची नाही.

आम्ही बाबांना अल्सर सांगितला होता. काकांनी त्यांना मशीनवर ठेवायला वापीच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं ठरवलं, गाडीही बोलावली. सिस्टरनं विचारलं, पेशंटला विचारलंत का? तो धीर सोडेल, काका म्हणाले.

"काका, मरायचंय त्यांना. बैठक तुम्ही कशाला घेताय?"

काका लालबुंद. मग ती माझ्याकडे वळली. "एवढी पुस्तकं वाचता ताई, बापाशी बोलता येत नाही? ते मला रोज विचारतात, पोरीला कसं सांगू म्हणून."

मी आत गेले. घोलवडच्या वाड्यांत चिकू उतरवण्यात बाबांचा जन्म गेला होता. ते म्हणाले, "कुठलं फळ टिकणार नाही, ते हातात घेतलं की कळतं गं मला." वापीला जायचं नाही, घरी पडवीत खाट टाका, दुखू देऊ नका. एवढंच त्यांनी मागितलं. वापीची गाडी रिकामी परत गेली.

ड्युटी संपली की सिस्टर रिक्षानं आमच्याकडे यायची. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध द्यायची, बाबांनी दिलेला चिकू खायची आणि वर म्हणायची, आमची करवंदं याहून बरी. बाबा हसायचे. आम्ही बोलत बसायचो, जे खरं तेच.

घरी आणल्यापासून अकराव्या दिवशी दुपारी बाबा गेले.

काकांनी तिची तक्रार केली. चौकशीत मी लेखी दिलं, निर्णय बाबांचा होता, तिनं फक्त त्यांना विचारलं. उपयोग झाला नाही. बदलीचा कागद पिशवीत कोंबत ती म्हणाली, "तिकडेही माणसं मरतातच की."

तिची पुन्हा गाठ पडली नाही. काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. बाबांशी बोलायचं मात्र काही राहिलेलं नाही.