ज्ञानेश्वरीचा हाकारा

माझी सून ज्ञानेश्वरी. गावात तिच्या मागं काय बोलत्यात ते मला समदं ठाऊक हाय. "छबूबाईची सून दिसभर मोबाईलवर बंदुका उडवती." व्हय, उडवती. ज्वारीच्या माळ्यावर बसून उडवती, आन् ते करून तीन एकराची राखण करती. एक कणीस पाखरानं टिपलेलं घावलं तर आणून दाखवा. उगं उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आमच्या कर्जतकडं ज्वारी हुरड्यात आली की शेताच्या मधी चार मेढी रोवून वर माळा बांधत्यात. त्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकलायची. गावात मोबाईलला रेंज न्हाई, शेतात माळ्यापाशी हाय. म्हणून ती तिथं बसून खेळायला लागली. खेळ शिकवला माझ्या धाकट्यानं, ओमनं. त्याची चौघांची टीम हाय. त्यांच्यातला लांबून नेम धरणारा, त्याला ही पोरं स्नायपर म्हणत्यात, तो नोकरी लागली म्हणून पुण्याला गेला. आन् नगरची स्पर्धा आली महिन्यावर.

ज्ञानेश्वरी म्हणली, मी येते. ओमनं वहीत नेमाची जागा रिकामीच ठेवली आन् तिचं नाव पाचवं लिवलं, जादा खेळाडू म्हणून. जादा म्हंजे काय, तर बाटल्या सांभाळायच्या.

"बाजूलाच बसायचं तर मी घरी बरी हाय, भावजी," ती म्हणली. "मला नेमाची जागा पायजे."

"मग रविवारी मला तीनदा पाडून दाखवा, वहिनी. सलग. आन् माईक चालू ठेवायचा. टीममधी बोलल्याबिगर चालत न्हाई."

नेम तिचा पक्काच हुता. पळत्या माणसाच्या जरा पुढं गोळी टाकायची, हे तिला कुणी शिकवावं लागलं न्हाई. माहेरी गोफणीवरच वाढली ती. उडत्या थव्याच्या मागं धोंडा टाकून काय उपयोग? पण माळ्यानं तिला दोन खोडी लावल्या हुत्या. माळा काय जाग्यावरनं हलत न्हाई, म्हणून हीबी हलायची न्हाई. गोळी मारली की त्याच खिडकीत बसून दुसरी. ओम मागनं यायचा आन् गार करायचा. ती खोड तिनं चार दिसांत मोडली. गोळी सुटली की सोताशीच "ऊठ, ऊठ" पुटपुटायची आन् जागा बदलायची.

दुसरी खोड काही मोडंना. गोळी सुटली की तोंडातनं पाखरं उडवायचा हाकारा, "हाऽऽ हुर्र", निघायचाच. गोफण सोडताना हात आन् तोंड एकदमच चालतं, तिचा काय दोष? पण त्या खेळात जवळपास जो आसंल त्याला माईकमधलं ऐकू जातं, आन् कुठल्या अंगानं आलं तेबी कळतं. ओम आवाजावर चालत यायचा, तिला पाडायचा आन् पोट धरून हसायचा.

"जित्याची खोड, वहिनी. नगरला अब्रू घालवाल आमची."

तिनं पदराचा बोळा तोंडात धरून बघितला. मग श्वास अडकायचा आन् गोळी भलतीकडंच जायची. शनिवारी दुपारी तिनं मोबाईल पालथा टाकला. डोळ्यांत पाणी, पण रागाचं. "आत्याबाई, माझा नेम न्हाई हरला. माझं तोंड हरलं."

मला लई राग आला. तिचा न्हाई, ओमचा. म्हणलं, "आधी तो बोळा टाक. मला सांग, हाकारा घातल्यावर पाखरं काय करत्यात?"

"उडत्यात."

"पाखरं आवाजापासून पळत्यात. आमचा ओम आवाजाकडं पळतो. मग हाकारून तू तिथं कशाला थांबती?"

तिनं पालथा मोबाईल उचलला. मग हसली.

रविवारी राखण मी घेतली. तिच्या हाताला दुसरं काम नको म्हणून गोफण घेऊन मीच माळ्यावर उभी राहिले. ती माझ्या पायाशी बसली, ओम खाली सावलीत, कानाला हेडफोन लावून.

पहिल्या डावात ती एका गोदामात शिरली, गोळी न मारताच हाकारा घालून मागच्या खिडकीतनं समोरच्या गवतात जाऊन पडली. ओम पळत दारात आला. एक गोळी. "चुकून लागली," तो म्हणला. दुसऱ्या डावात हाकारा विहिरीपाशी आन् ती टेकाडावर. ओम विहिरीत डोकावला आन् तिथंच आडवा झाला.

तिसऱ्या डावात त्याला अक्कल आली. हाकारा आला एका वाड्यातनं. ओम तिकडं गेलाच न्हाई. ती आता कुठं पळाली आसंल ह्याचा अंदाज बांधून तो लांबनं वळसा घालून वाड्याच्या मागच्या मोकळ्या रानात गेला, आन् वाड्याकडं पाठ करून तिला हुडकायला लागला. पण ती गेलीच नव्हती. हाकारा घातला त्याच खिडकीत बसून हुती, माळ्यावर बसल्यासारखी. तिनं सावकाश नेम धरला.

ओमनं हेडफोन काढून मांडीवर टाकला. "लबाडी हाय ही."

"दोन्ही माझ्याच खोडी हायत, भावजी. लबाडी कसली?"

त्यानं वही काढली, पाचवं नाव खोडलं आन् नेमाच्या जागी लिवलं. मग मान वर करून म्हणला, "पण नगरला वरडू नका, वहिनी. हॉल भरून माणसं आसत्यात. हसतील."

"वरडणार," ती म्हणली. "ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्यावं. तेवढ्यात माझी गोळी सुटती."

"आई, तू तरी सांग हिला."

बांधाकडनं पाखरांचा थवा ज्वारीवर उतरत हुता. मी गोफणीत धोंडा घातला, दोनदा गरगर फिरवला आन् सोडला, आन् शिवाराच्या पार टोकाला ऐकू जाईल आसा हाकारा घातला. माझ्या पायाशी बसून सुनेनंबी घातला. ओमनं वही मिटली आन् तो घराकडं गेला.