रोमचा मार्को आणि लंगडं कबुतर

हसणार असाल तर आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल! आता काय सांगू तुम्हाला, मी केला तसा गाढवपणा आमच्या अख्ख्या प्लेनो गावात कुणी केला नसेल.

बायको, मालती, गेल्यापासून मी या चार बेडरूमच्या घरात एकटा. मुलगी अमृता तिकडे दूर, विमानानं तीन तासांवर हर्नडनला. तिचा रोज फोन आणि रोज एकच पालुपद. "बाबा, तुम्ही कुणाशी बोलतच नाही. असंच चाललं तर घर सेल करू, तुम्ही माझ्या बेसमेंटमध्ये शिफ्ट व्हा." बेसमेंट! अहो, या घरात खोलीखोलीत मालती आहे. मी कशाला जातोय?

अशात इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी एक लिंक टाकली. घरबसल्या रोमचं कोलोसियम, गाईडसकट! मालतीला ते बघायचं फार होतं. राहून गेलं. म्हटलं, निदान असं तरी बघू.

शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला, सवयीनं दोन कप चहा टाकला आणि लिंक दाबली. मार्को नावाचा एक तरुण पडद्यावर आला.

"वेलकम, माय फ्रेंड! व्हेअर आर यू फ्रॉम?" आणि चक्क थांबला!

"प्लेनो, टेक्सस," मी म्हटलं.

"ओ, सो फार!"

आता सांगा, माणूस गप्पा मारतोय असं वाटणार की नाही?

मग काय, मी रंगलोच! त्यानं कमानींवर कोरलेले आकडे दाखवले. ज्याला जो आकडा मिळाला, त्यानं त्याच दारानं आत जायचं. त्याच्यामागच्या दगडावरून एक लंगडं कबुतर भुर्रकन उडालं. त्यानं मैदानाखालची भुयारं दाखवली. तिथून सिंह-बिबटे पिंजऱ्यासकट वर ओढायचे म्हणे. मग म्हणाला, बायकांना पार वरच्या मजल्यावर बसवायचे.

"आमची मालती असती तर तिथूनच भांडली असती!" मी म्हटलं.

मार्को हसला. शप्पथ सांगतो, हसला! निघताना "सी यू अगेन" म्हणाला. मी म्हटलं, "कधीही ये रे, घर मोकळंच आहे."

लगेच अमृताला ऐटीत फोन. "रोमला दोस्त झालाय माझा!"

"ओ माय गॉड बाबा, दॅट्स सो ग्रेट!" बेसमेंटचा विषय बंद.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला अमृता आली. म्हणाली, "मला भेटवा ना मार्कोला." मी दोन गल्ल्या पलीकडच्या जोशींनाही बोलावलं, चकल्या तळल्या आणि मोठ्या टीव्हीवर लिंक लावली.

"वेलकम, माय फ्रेंड! व्हेअर आर यू फ्रॉम?"

"विसरलास होय रे? प्लेनो!"

"ओ, सो फार!"

अमृतानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "रोज इतकी माणसं भेटतात, विसरतो बिचारा. मार्को, ही माझी मुलगी बरं का!"

मार्को कमानींकडे वळला. शर्ट तोच निळा. मागच्या वेळचं लंगडं कबुतर त्याच दगडावर, आणि उडालंही तस्संच.

"तिथलंच असणार ते," मी म्हटलं. अहो, किती हा हट्ट!

"बाबा," अमृता हळूच म्हणाली, "धिस इज अ रेकॉर्डिंग."

मार्को आपला बोलतच होता. बायकांच्या मजल्यापाशी आला, थांबला आणि हसला. या वेळी तर मी मालतीचं काही बोललोही नव्हतो.

अमृताचे डोळे भरले. झालं, म्हटलं, आता बेसमेंट! तेवढ्यात जोशीवहिनी चकली मोडत म्हणाल्या, "भाऊजी, दर शनिवारी आमच्याकडे चहाला यायचं. आम्ही लाइव्ह असतो!"

तेव्हापासून जातो. घर वाचलं. हा किस्साही तिथे भलताच चालतो, जोशी तर पोट धरून हसायचे. गेल्या शनिवारी मात्र "व्हेअर आर यू फ्रॉम" म्हणून मी जरा थांबलो, तर वहिनीच म्हणाल्या, "ओ, सो फार!" आणि नवऱ्याच्या कानात कुजबुजल्या, "आता कबुतराशी थांबतील हं, तेव्हा हसा."

खरं सांगा, तुम्हालाही आधी सांगितलाय का हो मी हा?