ती आली तेव्हा तीन महिन्यांची होती

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. अहमदपुरात माझं शेतीच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे. कंपनीचं सील असलेला पाइपसुद्धा मी डोळ्याला लावून आरपार बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. बायको म्हणते, हे घरी आलेल्या पाहुण्यालाही उजेडात धरून बघतात. बघतो. पाहुण्यांचंही काही सांगता येत नाही.

नगरपालिकेच्या निवडणुकीचे दिवस होते. आमच्या गल्लीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, नळाला पाणी कधी येणार ते कळावं म्हणून काढलेला. त्यावर एका सकाळी पाण्याऐवजी भलताच मजकूर आला. आपल्या प्रभागातून उभ्या असलेल्या बाईंचा जन्म या देशातला नाही, त्यांना तान्ही असताना बाहेरून आणलं, ज्याचा जन्मच इथला नाही तो इथला नागरिक कसा, आणि डिलीट व्हायच्या आत सगळ्यांना पाठवा. खाली कुणाचं नाव नाही. ज्याने ग्रुपवर टाकला त्याला विचारलं, तर म्हणाला, मला दुसऱ्या ग्रुपवरून आला.

ज्या बाईंबद्दल हे लिहिलं होतं, ती माझ्या घराच्या पुढच्याच ओळीत राहते. साड्यांना फॉल-पिको करायचं तिचं दुकान आहे. तिच्या वडिलांचा गाद्या भरायचा धंदा होता. माझ्या लग्नातली गादी त्यांनीच भरली होती आणि रुखवतापेक्षा तिचीच तारीफ जास्त झाली होती. वडिलांचे वडीलही याच गल्लीत वारले. नवरा गावातलाच मिळाला, म्हणून ती लग्नानंतरही इथेच राहिली. ती मला काका म्हणते.

तरी मी तिच्या विरोधी गटात होतो. आमचा आठवडी बाजार रस्त्यावर भरतो आणि बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानापर्यंत ट्रॅक्टर येऊ शकत नाही. बाजार गावाबाहेरच्या मैदानावर न्यावा असं माझं म्हणणं. ती म्हणायची, डोक्यावर टोपलं घेऊन येणाऱ्या बायांनी तिकडं कसं जायचं, आणि गेल्या तरी तिथं घेणार कोण? यावर आम्ही तिच्या दुकानाच्या पायरीवर भांडलोही होतो, चहा पीत पीत. तिला माझं पटलं नाही, मला तिचं पटलं नाही.

माझा पहिला संशय तिच्यावरच गेला. निवडणुकीत लोक काय वाट्टेल ते करतात. स्वतःवर चिखल उडवून घ्यायचा आणि मग रडत मतं मागायची, हे मी याआधी पाहिलं होतं. पण तिच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं, आतून मशीनचा आवाज येईना, आणि बायका पिकोला दिलेल्या साड्या तशाच परत घेऊन जाऊ लागल्या. नाटक करणारा आपलं गिऱ्हाईक कशाला घालवील? मग माझा संशय आमच्या गटाच्या प्रमुखाकडे वळला.

हा माझा जुना मित्र. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्याची आडत आहे. सकाळचा चहा आम्ही वर्षानुवर्षं एकत्र घेतो. ग्रुपवर कुणाचा वाढदिवस असो की कुणाचं मयत, पहिला मजकूर याचाच. या मेसेजवर मात्र तो गप्प होता, आणि तेच मला खटकलं.

चहाच्या टपरीवर मी त्याला सरळ विचारलं, "हे तू सोडलंस का?"

"म्या कशाला सोडू? लोक म्हनून राहिले."

"लोक म्हणजे कोण?"

"तू कामून तिची बाजू घेऊन राहिला? तिचा पाळना आपल्या गल्लीत झाला न्हाई, हे खरं हाय का न्हाई? जन्मली तवा कुनी पाहिलं तिला?"

मी चहा ठेवून दिला. परका माणूस असं बोलत नाही. पाळणा झाला की नाही एवढी बारीक गोष्ट गल्लीतल्या जुन्या माणसालाच ठाऊक असणार. म्हणजे उगम आमच्याच गल्लीत होता. घरी येईपर्यंत मी एकेका दाराकडे बघत आलो. कोपऱ्यावरचा किराणावाला, नेहमी खिडकीत बसणारी त्याची आई, समोरचे निवृत्त तलाठी. सगळ्यांचे चेहरे मला त्या दिवशी गुन्हेगारांसारखे दिसले.

बायको भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. तिचा हात परातीतच थांबला.

"हे म्या म्हनले होते," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"बचत गटात बाया तिच्याबद्दल बोलून राहिल्या होत्या. एकीनं इचारलं, ही इथलीच का? म्या म्हनले, मला इचारा की. म्या नवी नवरी होते. ही आली तवा तीन महिन्याची होती. हिच्या मायनं पहिल्यांदा माझ्याच मांडीवर दिली. लई गोड होती. एवढंच म्हनले वो."

त्या बचत गटात आडत्याची भावजय होती.

मला तेव्हा बायकोचा राग आला नाही. राग आला तो आम्हा सगळ्यांच्या अकलेचा. त्या पिकोवालीची आई तेव्हा पहिलटकरीण होती. सातव्या महिन्यात माहेरी, नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडला गेली आणि लेकरू जरा मान धरायला लागल्यावर सासरी आली. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, हे सांगायची गोष्ट आहे का? यात आमच्या घरात आणि तिच्या घरात काडीचा फरक नाही. माझा थोरला औशाला बायकोच्या माहेरी झाला. मी तिसरा, म्हणून अहमदपुरात जन्मलो, नाहीतर मीही आजोळचाच. पण खऱ्या वाक्याला एकीने मुखेड गाळलं, दुसरीने बाळंतपण गाळलं, आणि उरलं ते एवढंच की ती कुठून तरी आली. कुठून, ते भरायला फोन होतेच.

दुपारी ती स्वतःच आमच्याकडे आली. बसली नाही.

"काका, उद्या शेवटचा दिवस हाय. म्या अर्ज मागं घेऊन राहिले. तुमाला आधी सांगावं म्हनलं."

"का म्हणून?"

"निवडनुकीचं काय न्हाई. माझ्या पोरीच्या सासरी गेलं हे."

तिची मुलगी नांदेडला दिलेली. दिवस भरत आले होते आणि पहिल्या बाळंतपणाला ती आईकडे येणार होती. खोली रंगवून ठेवली होती, कुंच्या शिवून झाल्या होत्या. मेसेज फिरत फिरत नांदेडला पोचला आणि व्याह्यांनी कळवलं, आम्ही सूनबाईला पाठवत नाही. तुमच्याच जन्माचा घोळ चाललाय, उद्या आमच्या लेकराचा झाला तर?

मला लगेच शंका आली की व्याह्यांना मुळातच पाठवायचं नसेल, आयतं कारण सापडलं असेल. तसं मी म्हणालोही.

"न्हाई काका. लई चांगली मानसं हायत. भ्यालीत."

तेवढ्यात बायको पुढे झाली आणि तिने बचत गटात काय बोलली ते सगळं सांगितलं, एक शब्दही न वगळता. मला वाटलं आता ही बोल लावणार. पण ती म्हणाली, "काकू, तुमी तर खरंच बोललात की."

बायकोने खुर्ची पुढे सरकवली, तरी ती बसली नाही.

शेवटी मीच आवाज चढवला. "अर्ज मागं घेतलास तर लोक म्हणतील, बघा, खरंच होतं. मग तुझी पोर कधीच येणार नाही."

"तुमी तर इरोधात हायत ना?"

"आहे. बाजार हलवलाच पाहिजे आणि मी तुला मत देणार नाही. पण तुला पाडायचं ते मतांनी पाडीन. आज संध्याकाळी आमची सभा आहे. ती होऊ दे, मग तुझं तू ठरव."

सभा चौकात होती. बाजारावर मला बोलायचं होतं. माइक हातात आल्यावर मी म्हणालो, बाजाराचं नंतर बोलतो. आधी, घरात जे थोरले आहेत त्यांनी आपापलं जन्मगाव सांगावं. लोकांना वाटलं काही गंमत आहे. एक जण म्हणाला उदगीर. दुसरा कंधार. कुणी लोहा, कुणी चाकूर. मग मी आडत्याकडे वळलो, तोही घरातला थोरला. त्याच्या आजोळी मी लहानपणी त्याच्यासोबत गेलेलो. बिदरच्या बाजूला आहे, आणि त्याची आजी आमच्यावर ओरडायची ती कानडीत.

"तू रे?"

चौक हसला. तो हसला नाही. "हे काय लावलं तू?" म्हणाला.

तेवढ्यात बायकांमधून माझी बायको उठली. सभेत तर सोडाच, ती लग्नाच्या पंगतीतही कधी मोठ्याने बोललेली नाही. "ते म्या म्हनले होते," ती म्हणाली. "ती मुखेडला मायच्या माहेरी जन्मली. माझा थोरला औशाला जन्मला. म्या त्याला घेऊन आले तवा त्याला बी कुनी पाहिलं नव्हतं. मग त्याला बी बाहेरचा म्हना." आणि ती खाली बसली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला तेच बरं वाटलं. मग आडत्या उठला. म्हणाला, मेसेज माझ्याकडून चार ठिकाणी गेला, आता जाणार नाही, चूक ती चूक, पण मत काही मी त्या बाईला देणार नाही. बोलला ते बरोबर होतं. फक्त बोलताना तो माझ्याकडे न बघता गर्दीकडे बघत होता, आणि गर्दीतले काही जण माना हलवत होते. त्या माना कशाला हलत होत्या, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यानंतर मी बाजारावर बोललो, आणि तिचं म्हणणं का चुकीचं आहे तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर नवा मजकूर आला. मोटारीवाल्या काकांनी त्या बाईंकडून किती घेतले, असा. त्याच्याही खाली नाव नव्हतं.

तिने अर्ज मागे घेतला नाही. मतदानाच्या दिवशी, जिथं केंद्र होतं त्या शाळेपासून जरा लांब ती उभी होती. मी बाहेर आलो आणि तिला सांगितलं, "दुसऱ्याला दिलं." ती म्हणाली, "ठाऊक हाय काका. पानी प्या, ऊन लई हाय."

ती पडली. थोडक्या मतांनी पडली, आणि तिथून माझी झोप उडाली. तिला मत न देणाऱ्यांत बाजारामुळे न देणारे किती आणि त्या मेसेजमुळे न देणारे किती? मतदानाचं मशीन आकडा सांगतं, कारण सांगत नाही. माझं मत मी विचार करून दिलेलं होतं. पण ते ज्यांच्या मतांत मिसळलं त्यांचा मला भरवसा नाही, आणि ते आता वेगळं काढताही येत नाही. तिला हे एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुमचं तुमी खरं दिलं ना, झालं." माझं काही तेवढ्याने झालं नाही.

मुलगी आली नाही. मी स्वतः व्याह्यांना फोन केला. फार अदबीने बोलले. निवडणूक झाली, आता कोण काय म्हणतंय, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "काका, तुमचं सगळं बरोबर हाय. पन उद्या कुनी इचारलं तर आमी तुमाला कुठं शोधत यावं?" बाळ नांदेडलाच झालं. नातू. बाळाचं नाव ठरायच्या आधी त्याच्या जन्माचा दाखला घरात आला होता आणि त्याच्या चार झेरॉक्सही काढून झाल्या होत्या.

बायको तिच्यासोबत एसटीने नांदेडला गेली, डिंकाचे लाडू आणि जुन्या लुगड्याची दुपटी घेऊन. दिवसभर तिथे राहिली, बाळाला मांडीवर घेतलं, न्हाऊही घातलं. संध्याकाळी परत आली तेव्हा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची आई खिडकीतून विचारत होती, बाळ कसं आहे, कुणावर गेलंय, केवढं झालं?

या गल्लीत जन्मलेल्या आणि आणलेल्या प्रत्येक लेकराची हकिगत बायकोला तोंडपाठ आहे, आणि ती न विचारता सांगायची. त्या दिवशी तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "मला ठाऊक न्हाई माय. म्या पाहिलं न्हाई."