मोगलाईकडून धावताना

माझा जन्म इंग्रजी मुलखातला, नगरच्या बाजूचा. सासऱ्यांना मुलगा नव्हता, म्हणून लग्नानंतर मी आष्टीजवळच्या त्यांच्या गावी राहायला आलो आणि निजामाची रयत झालो. शेतीत मी बेताचाच. धावायला लागलो की मात्र दम म्हणून लागत नसे.

सरहद्दीवरच्या जत्रेत दोन्ही मुलखांच्या गड्यांची धाव लागे. मी पहिल्यांदा मोगलाईकडून, म्हणजे निजामाच्या बाजूने उतरलो, तेव्हा पलीकडून माझा थोरला भाऊच धावणार होता. "आपल्याच गावाला हरवायला आलास व्हय रे?" त्याने विचारलं. मी धावलो आणि जिंकलो. तो बैलगाडीत बसून निघून गेला.

त्या जिंकण्यामुळे तालुक्याने मला बीडच्या मोठ्या धावेला पाठवलं. मांजरसुंब्याहून पालीचा घाट उतरून थेट बीडच्या वेशीपर्यंत पळायचं होतं. सुगीची कामं सांभाळून मी सराव केला होता.

रांगेत उभा असताना कचेरीतला पेशकार माझ्यापाशी थांबला.

"पैदाइश कुठली?"

मी खरं ते सांगितलं.

"मग तुम्ही गैरमुल्की. बाजूला व्हा. इथं निजामाच्या मुलखात जन्मलेले मुल्की लोकच धावतील."

माझ्यासोबत आलेले सासरे पुढे झाले. "साहेब, जावई हाय माझा. माझ्याच घरात ऱ्हातो, माझंच रान कसतो. मुल्की न्हाई म्हंजी काय?"

"हुकूम आहे," म्हणून पेशकार पुढच्या गड्याकडे वळला.

माझं डोकं असं तापलं की नगारा वाजताच मी सगळ्यांच्या मागून पळत सुटलो. कुणी अडवलं नाही. घाटात एकेकाला गाठलं आणि वेशीत पहिला शिरलो. लोकांनी टाळ्या पिटल्या. जिंकल्याचा फेटा मात्र माझ्यामागून आलेल्या धारूरच्या गड्याला बांधला. तो ओशाळून म्हणाला, "मी तरी काय करू बे? मलाबी लई कसंतरी वाटायलंय."

मग रागाच्या भरात मी हद्द ओलांडून भावाकडे गेलो. म्हटलं, पुढच्या जत्रेत तुमच्याकडून धावतो.

तो बाजेवरून उठलासुद्धा नाही. "तू मोगलाईचा झालास. आता आमचा कुठला?"

घरी आल्यावर बायकोने सगळं ऐकून घेतलं. "मग कावून धावता? सोडा की," ती म्हणाली. सोडलं, असं मी तिला सांगितलं, आणि मला ते खरंच वाटत होतं.

पुढची जत्रा जवळ आली तशी गावातली माणसं दारात येऊन बसली. बीडला काय झालं ते प्रत्येकाला ठाऊक होतं, पण त्याचा कुणी उच्चार केला नाही. "आपल्याकडून तुमीच," एवढंच म्हणाले. चार खरमरीत शब्द माझ्या तोंडाशी आले होते. बाहेर पडलं ते "बरं".

त्या दिवशी रानात नांगर धरला आणि काही कारण नसताना बैलांवर ओरडत राहिलो.